झाकली मूठ

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे की तिच्यातील नीतीविषयी कोणी थांबून विचार करीत नाही. घरातील उणीव चारचौघांत मांडू नये, एवढाच तिचा मूळचा अभिप्राय असावा, आणि तेवढ्यापुरती ती निर्दोष आहे. परंतु ज्या मुठीत दुसऱ्याचे पैसे आहेत ती मूठ झाकून ठेवण्याचा अधिकार कोणास असतो काय? असत्य बोलू नये हे आपण लहानपणीच शिकलो. खरे ठाऊक असून गप्प राहावे की नाही, हे मात्र आपणांस कोणी शिकविले नाही. आणि व्यापारातील बहुतेक अनर्थ असत्यापेक्षा मौनातूनच उपजतात. या प्रश्नाचा विचार वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस ज्या प्रसंगाने वाटले तो प्रथम सांगतो.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरच्या मैदानाकडे तोंड करून, सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके वसले आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मराठी बोलणारा हा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यापासून वेगळा होऊन त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव दूरवर पोचले आहे. सौंसरजवळचे जामसावळी तेथील पहुडलेल्या हनुमंतामुळे भाविकांस ठाऊक आहे. परंतु या भूमीचे नित्याचे जीवन चालते ते कापसावर आणि संत्र्यावर.

संत्र्याचा व्यवहार कसा होतो हे कोकणातील व गोमंतकातील वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. थंडीत झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण देतात. मग पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुलतो आणि त्याचे फळ दिवाळीच्या आगेमागे उतरते. पावसाच्या आरंभी फुलणारा तो मृग बहार. त्याचे फळ पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. पुष्कळ बागाईतदार फळ उतरण्याची वाट पाहत नाहीत. फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, बागेतून एक फेरी मारतो, इसार देतो आणि सबंध बाग उक्ती घेतो. त्या क्षणापासून फळ कोणाचे आणि जोखीम कोणाची, याचा निर्णय दोघांच्या शब्दावर आणि बऱ्याच अंशी दोघांच्या मौनावर राहतो.

आमच्या परिचयाच्या एका वयोवृद्ध बागाईतदाराने काही वर्षांपूर्वी आपली बाग अशीच उक्ती दिली. व्यापाऱ्यास त्या वेळी ठाऊक होते की दूरच्या बाजारात मागणी चढणार आहे. त्याने ते सांगितले नाही. बागाईतदारासही ठाऊक होते की विहिरीचे पाणी खाली गेले आहे आणि ओळीतील बऱ्याच झाडांस बुंध्याशी डिंक्या लागला आहे. त्यानेही ते सांगितले नाही. पुढे अर्धे फळ गळाले. व्यापाऱ्याने उरलेली रक्कम बुडविली, आणि गावात दोघांनीही एकमेकांस लबाड ठरविले. आम्ही भेटीस गेलो तेव्हा म्हातारा ओट्यावर बसून हसत म्हणाला, "तो मले काही बोलला नाही, अन् म्याही त्याले काही सांगतलं नाही. फिटंफाट झाली म्हना." मग हसणे थांबवून त्याने विचारले, "पन खोटं तं मी एकही बोललो नाही. मंग चुकलं काय माहं?"

या प्रश्नास आम्हांस तेव्हा उत्तर देता आले नाही.

प्रश्न मात्र फार जुना आहे. रोमन पंडित सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या पुत्रासाठी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात तो जवळजवळ याच रूपात आला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचे गलबत घेऊन तेथे पोचतो. मागून आणखी धान्याची गलबते येत आहेत हे त्याने वाटेत डोळ्यांनी पाहिले आहे. हे त्याने बेटावरील लोकांस सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने आपले धान्य विकावे? सिसेरो दोन तत्त्वज्ञांचे मत देतो. एक म्हणतो, मालातील दोष सांगणे कायद्याने बंधनकारक असेल तेवढे सांगावे. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. दुसरा म्हणतो, मनुष्य सर्व मनुष्यांचा सोबती आहे, तेव्हा जे घेणाऱ्याने जाणावे ते विकणाऱ्याने दडवू नये. सिसेरोचा कौल दुसऱ्याकडे पडतो.

आपल्या धर्मशास्त्राने हा प्रश्न हाताळला नाही असे नाही. एका मालात दुसरा मिसळून, निकृष्ट, वजनात उणा, दूर ठेवलेला वा झाकलेला माल विकू नये, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे भेसळ आणि झाकाझाक ही दोन्ही एकाच पंक्तीस बसविली आहेत. त्याच अध्यायात खरेदी वा विक्री करून पस्तावलेल्या मनुष्यास दहा दिवसांच्या आत व्यवहार फिरविण्याची मुभा आहे. शांतिपर्वात जाजलि नावाच्या तपस्व्यास धर्म शिकण्यासाठी काशीच्या तुलाधार नामक वाण्याकडे जावे लागते, आणि तुलाधार आपल्या धर्माचे वर्णन करताना तराजूच पुढे करतो: तो सर्वांसाठी सारखा आहे. तराजूचे वैशिष्ट्य असे की तो दोघांच्या डोळ्यांसमोर टांगलेला असतो.

येथवर आल्यावर विचारी व्यापारी आम्हांस थांबवील आणि तो रास्त बोलेल. तो म्हणेल, "मी चार बाजार हिंडलो, तार-टपालापासून मोबाइलपर्यंत खर्च केला, तेव्हा मला भावाची चाहूल लागली. ती माझ्या श्रमाची कमाई आहे. ती प्रत्येकास फुकट सांगत सुटलो तर मी हिंडावे कशास? आणि उद्या मी कोणती पेठ धरणार, कोणते नवे वाण आणणार हे प्रतिस्पर्ध्यास आजच सांगितले तर माझा धंदा बुडेल." या आक्षेपात तथ्य आहे. कौटिल्याने राजाच्या मंत्रणेच्या गुप्ततेवर प्रकरण खर्च केले आहे. मंत्र फुटला की कार्य फुटले, हा त्याचा सिद्धांत उद्योगधंद्यासही लागू पडतो. सर्वच सांगावे हा दंडक घातला तर उद्यम करणाराच उरणार नाही.

परंतु त्याच कौटिल्याने हिशेबनिसांस आषाढी पौर्णिमेस मुद्रांकित वह्या घेऊन हजर होण्यास सांगितले आहे. मंत्र गुप्त ठेवणारा राजा हिशेब मात्र तपासून घेतो. यातून आम्हांस एक भेद सुचतो. मी काय करणार आहे हा माझा 'मंत्र'. माझ्यापाशी काय आहे ही माझी 'स्थिती'. मंत्र झाकण्याचा अधिकार उद्योजकास आहे. स्थिती झाकण्याचा अधिकार मात्र ती स्थिती पाहून जो आपले धन घालतो त्याच्यासमोर उरत नाही. व्यापाऱ्याची पेठेची चाहूल ही बव्हंशी पहिल्या प्रकारची. म्हाताऱ्याची आटलेली विहीर दुसऱ्या प्रकारची. 'फिटंफाट' म्हणून त्याने जी दोन मौने एका पारड्यात तोलली ती सारख्या वजनाची नव्हती. व्यापाऱ्याने आपले ज्ञान राखून ठेवले. म्हाताऱ्याने दुसऱ्याने विकत घेतलेल्या वस्तूतील खोट राखून ठेवली.

आता हा भेद मोठ्या प्रमाणावर लावून पाहू. कारण पांढुर्णा-सौंसरचा शेतकरी आज केवळ विकणारा राहिलेला नाही. सौंसर तालुक्यात बोरगाव येथे रेमंड कंपनीची कापडगिरणी १९९१ पासून उभी आहे. भूगर्भशास्त्रात 'सौंसर' हे नाव मँगनीज धारण करणाऱ्या एका प्राचीन खडकसमूहास मिळाले आहे, आणि त्याच पट्ट्यातील खाणी चालविणारी नागपूरची 'मॉयल' ही सरकारी कंपनी डिसेंबर २०१० मध्ये भागबाजारात उतरली. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात 'उत्पादक कंपनी' आली, तेव्हापासून शेतकऱ्यांनाच भागधारक होऊन कंपनी स्थापिता येते. देशातील डिमॅट खात्यांची संख्या ऑगस्ट २०२२ मध्येच दहा कोटींच्या पुढे गेली. ज्याने आपल्या गावची गिरणी आतून कधी पाहिली नाही तोही आज तिचा अंशतः धनी असू शकतो.

धनी आणि ग्राहक यांत नैतिक अंतर फार आहे. धर्मशास्त्रात 'संभूयसमुत्थान' म्हणजे मिळून केलेला उद्योग हे व्यवहाराचे स्वतंत्र पद मानले आहे. आणि याज्ञवल्क्य स्मृतीत कपट करणाऱ्या भागीदारास नफा न देता काढून टाकावे असे सांगितले आहे. ग्राहकास फसविणाऱ्यापेक्षा भागीदारास फसविणाऱ्याचा अपराध वेगळा का, तर भागीदाराने आपले डोळे दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपविलेले असतात. कंपनीचा भागधारक हा असा डोळे सोपविलेला भागीदार होय. त्याने बागेतून फेरी मारलेली नसते. बुंध्याशी वाकून डिंक पाहण्याची सोयच त्यास नसते. म्हणून संचालकांचे मौन म्हाताऱ्याच्या मौनाहून कितीतरी जड आहे.

स्वतंत्र भारताने हा धडा लवकर घेतला, पण पुन:पुन्हा घेतला. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झाले, आणि पुढच्याच वर्षी त्याने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे सव्वा कोट रुपये गुंतविले. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न उपस्थित केला. न्यायमूर्ती छागला यांनी १९५८ च्या आरंभी मुंबईत ती चौकशी भर लोकांत चालविली आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांस पद सोडावे लागले. विमा उतरविणाऱ्या लाखो सामान्य माणसांस आपल्या पैशाचे काय झाले हे प्रथम कळले ते त्या उघड्या दालनामुळे. त्याच सुमारास दालमिया-जैन कंपन्यांच्या कारभाराची चौकशी नेमली गेली होती. ती पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे एके काळचे मुख्य न्यायाधीश विवियन बोस यांच्याकडे आली. ज्या न्यायालयाच्या कक्षेत तेव्हा आमचे सौंसरही होते. अशा चौकश्यांनंतर कंपनी कायदा अधिक कडक झाला. तरीही ७ जानेवारी २००९ रोजी 'सत्यम'चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदातील पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नाही. त्या ताळेबंदावर लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. मूठ झाकलेली होती, आणि तिच्यावर शिक्काही मारलेला होता.

येथे दुसरा आक्षेप येतो. काही जण म्हणतात, "आपला देश अजून उभा राहतो आहे. उदयोन्मुख बाजारपेठेतील कोवळ्या उद्योगांस श्रीमंत देशांच्या प्रकटनाचे नियम लावले तर त्यांचा खर्च वाढेल, आणि परकी प्रतिस्पर्धी आपले मर्म जाणून घेतील. आधी वाढू द्या, मग उघडे करा." हे बोलणे देशप्रेमाचे वाटते, परंतु अनुभव वेगळा आहे. १९९७ साली थायलंडच्या मध्यवर्ती बँकेची परकीय गंगाजळी कागदावर भरघोस दिसत होती. तिचा मोठा हिस्सा वायद्याच्या व्यवहारांत अडकला आहे हे जाहीर नव्हते. २ जुलै रोजी चलनाचा बांध सोडावा लागला, आणि मग ज्यांनी काही लपविले नव्हते अशा शेजारी देशांतूनही भांडवल पळू लागले.

याचे कारण बागाईतीच्या उदाहरणात आहे. एका म्हाताऱ्याने डिंक्या लपविला. पुढल्या हंगामात व्यापाऱ्याने त्या शिवारातील प्रत्येक बागेचा भाव डिंक्या धरूनच लावला. ज्याची झाडे निरोगी होती त्यालाही त्या मौनाचा दंड भरावा लागला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखविले: घेणाऱ्यास चांगले-वाईट ओळखता आले नाही की चांगला माल बाजारातून निघून जातो. २००१ साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांच्या देशात फसव्या मोटारीस 'लिंबू' म्हणतात; संत्र्याच्या मुलखात हे सांगताना आम्हांस थोडी मौज वाटते. तात्पर्य, गरीब देशास लपविणे परवडत नाही. त्याच्या प्रामाणिक उद्योजकास महाग व्याज भरावे लागते, ते शेजारच्या अप्रामाणिकाच्या खात्यावरचे असते.

वऱ्हाडाने हे फार पूर्वी ओळखले होते. पूर्वी बाजारांतून दलाल व खरेदीदार कापडाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमाल पाहत असे. पांढुर्ण्याला लागून असलेल्या वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला आणि बाजारास नियम लागले. पुढे ठिकठिकाणच्या बाजार समित्यांच्या कायद्यांनी रुमाल काढून उघडा लिलाव आणला. रुमाल गेल्याने व्यापारी बुडाले नाहीत. प्रत्येकाने आपली खरेदीची योजना आपल्या डोक्यात ठेवली. बोली तेवढी सर्वांच्या कानांवर आली. मंत्र आणि स्थिती यांची ही वाटणी आपल्याच मातीत होऊन गेली आहे.

मात्र प्रकटनाचेही ढोंग असते, हे सांगितल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. आजचे नियम कडक आहेत. सेबीच्या २०१५ च्या नियमावलीनुसार नोंदणीकृत कंपनीस महत्त्वाची घटना भागबाजारास तत्परतेने कळवावी लागते. बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, कचरा, कामगार यांविषयीचा जबाबदारी-अहवालही द्यावा लागतो. हे स्तुत्य आहे. पण शेकडो पानांच्या इंग्रजी अहवालात एखादी अप्रिय ओळ तळटीपेत ठेवली तर कायदा पाळला जातो आणि मौनही पाळले जाते. ज्या गावच्या विहिरींशेजारी कारखाना आहे त्या गावास त्यातील पाण्याचा आकडा त्याच्या भाषेत कळतो का? विकणाऱ्याने बोललेले घेणाऱ्याच्या कानी पोचावे, हे प्रकटनाचे प्रयोजन. ते सुटले की कागद हाच नवा रुमाल होतो.

येथवर आम्ही इतरांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिणे प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका देवस्थानाच्या कार्यकारी समितीवर होतो. भक्तनिवासाचे बांधकाम अंदाजापेक्षा बरेच वर गेले, एक काम पाडून पुन्हा करावे लागले. वर्षाचा हिशेब छापताना समितीत असे ठरले की ही रक्कम 'संकीर्ण' खाली घालावी. उगाच चर्चा होईल, देणग्या आटतील. कोणीही एक पैसा घेतलेला नव्हता, म्हणून आम्हीही हात वर केला. गोमंतकातील देवळांच्या महाजनांस १९३३ च्या नियमावलीपासून हिशेबाच्या वह्या ठेवून त्या प्रशासकांपुढे मांडाव्या लागतात. मध्य प्रदेशात १९५१ चा आणि मुंबई इलाख्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा तेच सांगतो. आमचा हिशेबही तपासला गेला आणि मंजूर झाला. मग पालखीच्या दिवशी, आपल्या सोन्याच्या पाटल्या देणगी दिलेल्या एका आजींनी आम्हांस खांबाआड बोलावून विचारले, "म्हज्या पाटल्यांचें कितें जालें?" आम्ही चाचपडत काहीबाही सांगू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "चोरी जावंक ना, हें हांव जाणां. पूण सांगूंक कितें जातालें?"

सांगण्यात काय जात होते? देणग्या कदाचित घटल्या असत्या. आमचा अंदाज चुकला हे लोकांस कळले असते. म्हणजे आम्ही झाकले ते देवाचे काही नव्हते. आमची अब्रू होती, आणि ती झाकण्यासाठी आजींच्या पाटल्या वापरल्या होत्या. त्या दिवशी आम्हांस ओट्यावरच्या म्हाताऱ्याचा प्रश्न आठवला. खोटे तर आम्हीही एकही बोललो नव्हतो.

पुढील सभेत ती रक्कम कारणासह वेगळी दाखविण्याचा ठराव आम्ही मांडला. तो थोड्या मतांनी संमत झाला. हिशेब मराठीत आणि कोंकणीत सभामंडपाच्या भिंतीवर लागला. त्या वर्षी देणग्या खरोखरच घटल्या; हे लिहिणे आम्ही टाळीत नाही, कारण खरे सांगणाऱ्यास लाभच होतो असा उपदेश करणे हीही एक झाकलेली मूठच होईल.

मागल्या हिवाळ्यात पांढुर्ण्यास जाणे झाले तेव्हा म्हाताऱ्याची पुन्हा गाठ पडली. आम्ही त्याच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन गेलो होतो. त्याने ते पुरते ऐकून घेतले नाही. नव्या व्यापाऱ्यास त्याने स्वतःच विहिरीवर नेले होते आणि डिंक्या लागलेल्या झाडांस चुन्याची खूण करून दिली होती. भाव किती आला, असे आम्ही विचारले. "कमी आला," तो म्हणाला, "पन यंदा फळ उतरेपर्यंत तो सडकेनं दिसला का मले घरात जा लागलं नाही."